पानथरीतल्या चिरा आणि सातपुड्याचा ताप

पानथरी म्हणजे प्लीहा. पोटाच्या डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराला टेकून असलेला हा जांभळट अवयव निरोगी प्रौढ माणसात मुठीएवढा आणि सुमारे १५० ग्रॅम वजनाचा असतो. एरवी तो हाताला लागत नाही. बरगडीखाली तो लागू लागला की माणूस जुन्या तापाचा आहे, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कळे आणि ते ‘पानथरी वाढली’ असे म्हणत. सातपुड्यातले तोरणमाळ ज्या अक्राणी मुलखात आहे तिथे पानथरीशी थेट संबंध असलेले दोन आजार पिढ्यानपिढ्या नांदत आले. एक हिवताप, दुसरा सिकलसेल. पहिला डासांनी आणला, दुसरा आईबापांकडून मुलांकडे आला. दोन्ही रक्तातले. दोघांची गाठ पडते ती पानथरीच्या आतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, जिथल्या चिरा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अरुंद असतात. या चिरांचा शोध लागायला तीनशे वर्षे लागली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा हे सांगितले आहे. उदररोगांमध्ये प्लीहोदर हा वेगळा प्रकार मानला आहे आणि त्याची वाढ डाव्या कुशीत होते असे वर्णन आहे. ग्रीकांच्या वैद्यकातही हा अवयव महत्त्वाचा होता. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळे यांवरील ग्रंथात दलदलीचे, साचलेले पाणी पिणाऱ्या लोकांची प्लीहा मोठी आणि कठीण असते असे नमूद आहे. साचलेले पाणी, ताप आणि डाव्या कुशीतली गाठ यांचा संबंध असा फार जुना. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. प्लीहा काळे पित्त साठवते, हे गेलेनचे मत युरोपात दीड हजार वर्षे टिकले.

प्लीहेला ग्रंथी म्हणावे की नाही, हा पुढचा वाद. १६६६ साली बोलोन्यात मार्चेल्लो माल्पिगी याने शरीरातील अवयवांच्या सूक्ष्म रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्लीहेच्या तांबड्या गरात विखुरलेले पांढरे दाणे त्याला दिसले होते आणि ते ग्रंथींचे घटक असावेत असे त्याने मानले. आजही त्यांना माल्पिगीचे कण म्हणतात. हॉलंडचा फ्रेडरिक रॉइश हा रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरण्यात निष्णात होता. त्याचे म्हणणे उलटे. सगळा अवयव म्हणजे वाहिन्यांचेच जाळे, ग्रंथी वगैरे काही नाही. एकाला दाणे दिसले, दुसऱ्याला नळ्या. दोघांनीही जे पाहिले ते खरेच होते, पण त्या काळच्या भिंगांना यापुढे जाता येत नव्हते.

एकोणिसाव्या शतकात प्लीहेची गणना कंठस्थ ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्याबरोबर नलिकाविरहित ग्रंथींमध्ये होऊ लागली. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील तरुण शल्यवैद्य हेन्री ग्रे याला १८५३ साली प्लीहेची रचना आणि कार्य यांवरील निबंधासाठी ॲस्टली कूपर पारितोषिक मिळाले. तो निबंध १८५४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि चारच वर्षांनी त्याचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलेले ‘ग्रे’ ते हेच. त्याच्या विसाव्या शतकातल्या आवृत्त्यांतही प्लीहेचे प्रकरण नलिकाविरहित ग्रंथींच्या शेजारीच होते. आज तिला लसिका संस्थेतला अवयव मानतात. नाव बदलले, तरी ग्रेला पडलेला मुख्य प्रश्न कायम राहिला: धमनीतून आत आलेले रक्त शिरेत नेमके कुठून जाते?

हा प्रश्न युरोपातल्या प्रयोगशाळांत चर्चिला जात होता त्याच काळात भारतात पानथरी हाताने मोजली जाऊ लागली. १८४५ च्या सुमारास पश्चिम यमुना कालव्याच्या काठी तापाची साथ का वाढते हे शोधण्यासाठी सरकारने बेकर, डेम्पस्टर आणि यूल अशा तिघांची समिती नेमली. यांतला डेम्पस्टर हा डॉक्टर. गावागावांत माणसांना उभे करून त्यांच्या डाव्या बरगडीखाली हात घालायचा आणि शंभरांत किती जणांची प्लीहा लागते ते लिहून घ्यायचे, ही पद्धत त्याने वापरली. ताप आज असतो, उद्या नसतो. पानथरी मात्र महिनोन्‌महिने वाढलेली राहते. म्हणून एखाद्या गावात किती वर्षे ताप मुरलेला आहे याची साक्ष तिथल्या मुलांच्या पोटावर मिळते. पाण्याचा निचरा नसलेल्या, कालव्याने भिजणाऱ्या गावांत हे प्रमाण जास्त निघाले. हिवतापाचा जंतू सापडण्याच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुढे साऱ्या जगात हिवताप मोजण्याची हीच रीत रूढ झाली. १९५० साली कंपालात भरलेल्या मलेरिया परिषदेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांतील प्लीहावाढीच्या प्रमाणावरून प्रदेशांची प्रतवारी ठरवली.

सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या धारेवर तोरणमाळ आहे. उंची सुमारे ११५० मीटर. पठारावर यशवंत तलाव, गोरखनाथाचे देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुंफा आणि कड्याखाली सीताखाईची खोल दरी. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी खानदेशातून आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातून माणसे येतात. वस्ती प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा यांची. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली आणि त्यानंतर डोंगरातल्या मुलखाची सरकारी पाहणी होऊ लागली. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरात तोरणमाळच्या डोंगराची आणि तळ्याची नोंद आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते.

पठारावरची हवा थंड आणि कोरडी असली तरी पायथ्याच्या दऱ्याखोऱ्यांतले झरे आणि ओढे पावसाळा ओसरल्यावर मंद वाहतात. ॲनोफेलिस फ्लुव्हिएटिलिस या जातीच्या डासाला डोंगरातले असेच संथ पाणी मानवते. सखल भागात क्युलिसिफेसीस ही जात हिवताप पसरवते. डोंगरातून हाटाला उतरणारा आणि पुन्हा चढणारा माणूस दोन्हींच्या तावडीत सापडतो. एकांतरा, तिजारा ही तापाची मराठी नावे ताप कितव्या दिवशी येतो यावरून पडली आहेत. तापाचा जंतू तांबड्या पेशीत वाढून ती फोडतो तेव्हा थंडी वाजते आणि ताप चढतो. या नावांतले दिवस म्हणजे त्या जंतूच्या वाढीचे दिवस.

वाढलेल्या पानथरीला इंग्रजी राजवटीत आणखी एक अर्थ चिकटला आणि तो इथे सांगितलाच पाहिजे. हिवतापाने सुजलेली प्लीहा नाजूक होते, जोराच्या मुक्क्याने किंवा लाथेने फाटू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊन माणूस मरतो. हे वैद्यकदृष्ट्या खरे आहे. पण एखाद्या गोऱ्या मालकाच्या लाथेने नोकर मेला की न्यायालयात याच सत्याचा आडोसा घेतला जाई: मेलेल्याची प्लीहा आधीच रोगट होती, मारणाऱ्याचा हेतू किरकोळ होता. १८७५ मध्ये आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या कटवारू नावाच्या सईसाला मारले आणि तो प्लीहा फाटून मेला. फुलरला ३० रुपये दंड झाला. व्हाइसरॉय लिटनने १८७६ मध्ये या निकालाविरुद्ध जाहीर ठपका ठेवला आणि त्यावरून अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांत गदारोळ उठला. शरीराने वर्षानुवर्षे तापाशी झुंजून जी खूण अंगावर घेतली, ती खूणच त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून कागदावर चढली. ती पानथरी दुबळेपणाने वाढलेली नव्हती. ती काम करून वाढली होती. हे समजायला तिच्या आतली रचना उलगडावी लागते.

१८४७ मध्ये हाइनरिश मेकेल या जर्मन वैद्याला मृत माणसाच्या रक्तात आणि प्लीहेत काळे कण आढळले. हिवतापाने गेलेल्या माणसाची प्लीहा काळसर का दिसते, त्याचे हे पहिले धागे. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टँटाइन येथे अल्फाँस लाव्हराँ याला ताज्या रक्तात जिवंत जंतू हलताना दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरात तोच जंतू पाहिला. काळे कण म्हणजे जंतूने खाल्लेल्या हिमोग्लोबिनचा उरलेला चोथा आणि तो पानथरीतल्या भक्षक पेशी गिळून ठेवतात. जंतू, डास आणि काळा रंग यांची साखळी जुळली. फक्त पानथरीत हे कुठल्या जागी घडते ते उरले.

त्याची तयारी शरीररचनाशास्त्रज्ञांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थिओडोर बिलरोटने तांबड्या गरातल्या रुंद शिराकोटरांचे आणि त्यांच्या मधल्या पेशींच्या दोऱ्यांचे वर्णन केले. १८६० च्या दशकात श्वाइगर-झाइडेल याला काही केशवाहिन्यांच्या टोकांभोवती पेशींचे जाडसर आवरण दिसले. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइडेनराइशने या सगळ्यांचा एकत्र आराखडा काढला. त्यातून दोन पक्ष तयार झाले. एका पक्षाचे म्हणणे, धमनीची टोके सरळ शिराकोटरात उघडतात आणि रक्त सतत नळीतच राहते. याला बंद अभिसरण म्हटले गेले. दुसऱ्या पक्षाच्या मते टोके दोऱ्यांच्या जाळीत मोकळी सुटतात, रक्त नळीबाहेर सांडते आणि मग कोटराच्या भिंतीतून झिरपून आत येते. हे उघडे अभिसरण. १९३६ मध्ये अमेरिकेत मेल्विन नायस्ली याने क्वार्ट्झच्या दांडीतून प्रकाश टाकून जिवंत प्राण्याच्या प्लीहेतले रक्त वाहताना पाहिले आणि बंद अभिसरणाची बाजू घेतली. १९४१ मध्ये मॅकेन्झी, व्हिपल आणि विंटरस्टाइनर यांनी त्याच तऱ्हेने पाहून नेमका उलटा निष्कर्ष काढला. एकाच अवयवाकडे एकाच पद्धतीने पाहून प्रामाणिक संशोधक विरुद्ध टोकांना पोचले, हे शास्त्राच्या इतिहासातले मोठे बोलके प्रकरण आहे.

उत्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत चेन आणि लिऑन वाइस यांच्या चित्रांत तांबडी पेशी कोटराच्या भिंतीतून अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकलेली दिसली. त्याच दशकात जपानी शास्त्रज्ञांनी वाहिन्यांत राळ ओतून, भोवतालचे ऊतक विरघळवून, उरलेल्या साच्याचे त्रिमित चित्र घेतले. २०१० नंतर मारबुर्ग विद्यापीठात बिर्टे स्टायनिगर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या प्लीहेच्या सलग कापांतून वाहिन्यांची पुनर्रचना केली. माणसात केशवाहिन्यांची टोके जाळीत उघडी सुटतात, हे त्यातून दिसून आले.

ही रचना अशी आहे. प्लीहा-धमनीच्या फांद्या अवयवाच्या तंतुमय दांड्यांमधून आत शिरतात. गरात आल्यावर त्यांच्याभोवती लसिकापेशींची पांढरी म्यान चढते, हेच माल्पिगीचे पांढरे दाणे. पुढे धमनिका कुंच्याच्या केसांसारख्या सरळ, बारीक शाखांत फुटतात. त्यांची शेवटची केशवाहिनी भक्षक पेशींच्या आवरणातून जाऊन दोऱ्यांच्या जाळीत संपते. तिथे रक्त नळीबाहेर येते. जाळी भक्षक पेशींनी आणि तंतूंनी भरलेली असते, तीत रक्ताची गती मंदावते, पेशी दाटतात, प्राणवायू आणि साखर कमी होते. परत मुख्य प्रवाहात जायचे तर जाळीत रेंगाळलेल्या प्रत्येक तांबड्या पेशीला कोटराची भिंत ओलांडावी लागते.

ही भिंत समजायला अक्राणीतल्या घराचा कूड डोळ्यासमोर आणावा. उभ्या कामट्या शेजारी शेजारी आणि आडव्या बंधांनी आवळलेल्या. कोटराच्या अस्तराच्या पेशी लांबट असतात, जवळपास १०० मायक्रॉन, आणि कोटराच्या लांबीच्या दिशेने एकमेकींना लागून बसतात. बाहेरून आधारपटलाचे आडवे कडे त्यांना बांधतात. दोन पेशींच्या मध्ये जी फट राहते ती चीर. माणसातल्या या चिरांची रुंदी साधारण १ मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी भरते. तांबडी पेशी मात्र ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची आणि सुमारे २ मायक्रॉन जाडीची. म्हणजे पेशीला स्वतःचा आकार पूर्ण बदलून, जणू अंग चोरून, चिरेतून निसटावे लागते. लवचीक पेशी क्षणात जाते. म्हातारी, ताठरलेली पेशी अडकते आणि मागे उभ्या भक्षक पेशीच्या तोंडी पडते. पेशी निरोगी असून तिच्या आत एखादा कठीण कण असेल, तर पेशीचा मऊ भाग पुढे सरकतो आणि कण मागे खुडला जातो. या खुडण्याच्या क्रियेचे वर्णन १९५० च्या दशकात अमेरिकी रक्ततज्ज्ञ विल्यम क्रॉस्बी याने केले.

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे विसावा भाग प्लीहेत येतो. त्यातले बहुतेक रक्त जलद वाटेने निघून जाते आणि थोडाच भाग चिरांच्या कसोटीला लागतो. पण रक्त सारखे फिरत असल्याने प्रत्येक पेशीची पाळी पुन्हा पुन्हा येते.

हिवतापाचा जंतू पेशीत शिरला की पेशी ताठर होते आणि चिरेत अडकते. जंतू मारला जातो, भक्षक पेशी वाढतात, गर फुगतो, पानथरी बरगडीखाली उतरते. जंतू नवा असेल तर पेशी टिकून फक्त जंतू खुडला जातो. पण पानथरी ही जंतूला लपायलाही जागा ठरते. २०२१ मध्ये इंडोनेशियातल्या पापुआ प्रांतातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघातासारख्या कारणांनी प्लीहा काढावी लागलेल्या, हिवतापाची लक्षणे नसलेल्या २२ जणांच्या प्लीहा तपासल्या गेल्या. जवळपास सगळ्यांत जंतू निघाले आणि व्हायव्हॅक्स जातीच्या जंतूंपैकी ९८ टक्क्यांहून जास्त प्लीहेत दडलेले होते, वाहत्या रक्तात अगदी थोडे. डेम्पस्टरने १८४५ मध्ये हाताने चाचपले ते काय होते, त्याचे हे शेवटचे उत्तर.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि डीडीटीच्या फवारणीने साठच्या दशकाच्या मध्यात देशातले रुग्ण लाखाच्या घरात आले. मग फवारणी सैलावली, डास औषधाला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. जंगल-डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत फवारणी आणि औषध शेवटी पोचते आणि पहिल्यांदा थांबते, हे सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत सर्वत्र खरे आहे.

दुसऱ्या आजाराची नोंद वैद्यकात उशिरा झाली. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक याने ग्रेनाडातून आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन केले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा दोष असल्याचे सिद्ध केले. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅमने तो दोष एका अमायनो आम्लाच्या बदलापर्यंत आणून ठेवला: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. भारतात हा दोष १९५२ मध्ये सापडला. लेहमान आणि कटबुश यांना तो निलगिरीतल्या आदिवासींत आढळला आणि त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांना आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातला पहिला अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये दिला.

महाराष्ट्राचे चित्र पुढच्या दशकांत उमटले. मुंबईत १९५७ मध्ये सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून, आजच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेतून, राज्यातल्या आदिवासींचे रक्त तपासले गेले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एस. एल. काटे यांनी सिकलसेलच्या कामाला आयुष्यभर वाहून घेतले. त्यांनी आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात भिल्ल, पावरा, माडिया, प्रधान अशा जमातींत सिकल जनुकाच्या वाहकांचे आणि रुग्णांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या घरात दाखवले आहे. तोरणमाळच्या पठारावरचे लोक याच जमातींचे.

इतका घातक दोष इतक्या जणांत का टिकला? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसनने पूर्व आफ्रिकेतून उत्तर दिले. आईबापांपैकी एकाकडूनच दोष मिळालेल्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. वाहकाच्या पेशीत जंतू शिरला की ती पेशी सहज वाकते, ताठरते आणि पानथरीतल्या चिरेत अडकून जंतूसकट संपते. हिवतापाच्या मुलखात वाहक जास्त जगले, त्यांची मुले जास्त जगली आणि दोष पिढ्यानपिढ्या पुढे गेला. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी असण्याची असते. भारतातल्या निरनिराळ्या जमातींत आणि पूर्व अरबस्तानात सिकल जनुकाभोवतीची जनुकीय ठेवण एकच असल्याचे १९८० च्या दशकात कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ती आफ्रिकेतल्या ठेवणींहून वेगळी आहे. त्यावरून हा दोष इथे आफ्रिकेतून आला नाही, आशियातच स्वतंत्रपणे उपजला, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आणि ज्या जागी वाहकाचा जीव वाचतो, त्याच जागी रुग्णाचा जीव धोक्यात येतो. पानथरीच्या जाळीत रक्त मंद, दाट आणि प्राणवायूला पारखे असते. सिकल हिमोग्लोबिनला वाकण्यासाठी हेच हवे असते. पेशी जाळीतच वाकतात, चिरा तुंबतात, मागचे रक्त अडते. लहान मुलात हे अचानक घडले तर काही तासांत पानथरी हाताएवढी फुगते, शरीरातले रक्त तिच्यात साठते आणि मूल पांढरेफटक पडते. याला प्लीहेत रक्त कोंडणे म्हणतात. तुंबण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा होत राहिले की वाहिन्या मरतात, गराची जागा तंतू आणि लोहाचे साठे घेतात आणि पानथरी आक्रसून जाते. १९३५ मध्ये डिग्ज याने हे बदल वर्णिले. १९६९ मध्ये पीअरसनने दाखवले की पानथरी जागेवर असूनही मुलांत ती निकामी झालेली असू शकते. अशा मुलाला न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा संसर्ग क्षणात उलटतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत पेनिसिलिनच्या रोजच्या गोळीने असे संसर्ग खूपच कमी झाले.

भारतातल्या रुग्णांची पानथरी मात्र वेगळी वागते. ओडिशातल्या बुर्ला येथील कार आणि जमैकातील ग्रॅहम सर्जंट यांनी १९८६ मध्ये दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना केली. ओडिशाच्या रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त होते आणि जमैकात लहानपणीच आक्रसून जाणारी पानथरी इथे मोठेपणीही टिकलेली, वाढलेली आढळली. भिल्ल-पावरा रुग्णांतही वर सांगितलेली भारतीय जनुकीय ठेवण असल्याने सातपुड्यातही मोठ्या पानथरीचा सिकल रुग्ण हे नेहमीचे दृश्य आहे. त्याचा फायदा असा की संसर्गाविरुद्धची ताकद काही काळ टिकते. तोटाही आहे. रक्त कोंडण्याचा धोका पाचव्या वर्षी संपत नाही, पुढेही राहतो. त्यातच हिवतापाने पानथरी आधीच वाढलेली असेल तर तपासणाऱ्याला दोन आजारांतले कोणते कारण हे हाताने सांगता येत नाही. म्हणूनच अशा मुलाच्या रक्ताची दोन्ही तपासण्यांसाठी चाचणी होणे गरजेचे असते.

थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे आणि फार दमणे ही पेशी वाकवणारी नेहमीची कारणे. तोरणमाळच्या हिवाळी रात्री, उन्हाळ्यातली पाण्याची ओढ आणि रोजची डोंगराची चढण, या तिन्हींत यातले काही ना काही असतेच. पोट, हाडे आणि सांधे यांतल्या कळा घेऊन आलेल्या माणसाला दमणुकीच्या औषधावर परत पाठवले जाण्याचे प्रकार आदिवासी भागात वर्षानुवर्षे होत राहिले. आता विद्राव्यता चाचणी गावातच होते, निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्के होते आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून कळांचे प्रमाण कमी करते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट आहे.

जमैकात सर्जंट आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. सिकलसेल असलेल्या मुलांच्या आयांना डाव्या बरगडीखाली पानथरी कशी चाचपायची ते शिकवले. ती वाढली, मूल मलूल दिसले, की लगेच रुग्णालयात आणायचे. रक्त कोंडण्याचे प्रकार वेळीच ओळखले जाऊ लागले आणि त्यांतले मृत्यू झपाट्याने घटले. डेम्पस्टरने गावातला ताप मोजण्यासाठी वापरलेली हीच तपासणी. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, रस्ता लागत नाही. अक्राणीतल्या प्रत्येक सिकल मुलाच्या आईला, आजीला आणि पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीला ही तपासणी पावरी आणि भिलोरीत शिकवली गेली पाहिजे आणि पानथरी हाताला लागली तर त्या मुलाला पठारावरून खाली आणायला वाहन मिळाले पाहिजे.